वहिनी, स्टँडबाय म्हणजे सुट्टी नव्हे

वहिनी,

तुमची शोकसभा छान झाली, असं लोक म्हणतात. शोकसभा छान होणं म्हणजे काय, हे मला कधी उमगलेलं नाही. माइक मध्येच बंद पडला नाही आणि खुर्च्या पुरल्या, एवढं मात्र खरं. पहिल्या तीन वक्त्यांनी तुम्हाला 'आकाशाला गवसणी घालणाऱ्या सुपुत्राची माता' म्हटलं. चौथ्याने 'वैमानिकाची जननी' म्हटलं, कारण गवसणी तोवर वापरून संपली होती. तुम्ही असतात तर दुसऱ्याच भाषणाला "चहाचं पाह्यते" म्हणून उठून गेला असतात, आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकलं असतं. तुम्हाला ते आवडायचं. मला आवडायचं नाही, आणि तुम्हाला आवडतं हेही मला आवडायचं नाही.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी मान हलवून नकार दिला. लोकांना वाटलं, धाकट्या दिराला गहिवरून आलं. गहिवर होताच. पण बोललो नाही ते दुसऱ्या कारणाने. त्या मांडवात तुमच्या मुलाच्या कामाबद्दल सगळ्यांत जास्त चुकीची माहिती ज्याने तुम्हाला पुरवली, तो माणूस मी होतो.

तुमचं लग्न झालं तेव्हा मी अकरावीत होतो. दादाच्या तहसील कचेरीतल्या पगारात तुम्ही माझं कॉलेज भागवलंत, माझ्या डब्यातल्या भाकरीखाली ठेचा लपवलात, आणि मी इंग्रजी घेऊन एम. ए. झालो तेव्हा नांदुऱ्याच्या बाजारात भाजीवाल्यांनाही ते सांगून आलात. पुढे मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागलो, सुमनशी माझं लग्न झालं आणि एकाच अंगणात आपली दोन दारं झाली. दादा गेल्यावर तुमच्या दारात तुम्ही आणि अमोल उरलात. मग अमोल विमान चालवायला शिकायला गेला आणि तुम्ही एकट्या उरलात. माझं इंग्रजी तुमच्या पुण्याईवर उभं आहे, हे मी विसरलो नव्हतो. म्हणून तर त्या इंग्रजीचं मी तुमच्यासाठी काय केलं, हे आता आठवायला नको वाटतं.

अमोलला हैदराबादला नोकरी लागली तेव्हा तुम्ही भलत्या वेळी फोन लावायच्या. तो बंद लागला की दिवसभर पुन्हा पुन्हा लावत राहायच्या. त्यावर त्याने तोडगा काढला. महिना संपत आला की पुढच्या महिन्याचं रोस्टर, म्हणजे कोणत्या दिवशी कुठे उडायचं त्याचा तक्ता, तो तुमच्या मोबाइलवर पाठवायचा. तुम्ही मोबाइलची काच पदराने पुसून माझ्याकडे घेऊन यायच्या, आणि सुमन चहा टाकायची.

"वाचा भाऊजी, पोट्टं कुठं कुठं हिंडून राह्यलं ते."

"एक तारखेला चार सेक्टर."

"सेक्टर म्हणजे?"

"एकदा उडायचं, एकदा उतरायचं. झाला एक सेक्टर."

"म्हणजे खेप. मलकापूरच्या गाडीसारखी."

"तसंच."

"मंग चार खेपा म्हणजे लयच झालं. यष्टीच्या ड्रायव्हरले लांब पल्ल्यानं काही होत नाई. स्टँडात गाडी घालणं न् काढणं, यातच त्याचा जीव जाते."

मी हसलो होतो. विमानाची यष्टीशी तुलना मला गमतीची वाटली होती. आता अमोलकडूनच कळलं की एका लांबच्या उड्डाणापेक्षा चार छोट्या उड्डाणांचा दिवस जास्त पिळून काढतो, कारण सगळी मेहनत चढण्या-उतरण्यात असते. तुम्ही ते चहा फुंकत फुंकत सांगितलं होतं. मी पुढची ओळ वाचायला घेतली होती.

एकदा रोस्टरवर 'डेडहेड' आलं. मी म्हटलं, शब्दशः 'मेलेलं डोकं', पण याचा अर्थ त्या दिवशी अमोल गणवेश घालून प्रवाशासारखा बसून जाणार, दुसऱ्या गावचं विमान चालवायला.

"बाप्पा! असं अभद्र नाव काऊन ठेवते कोणी?"

"कंपनीच्या हिशेबात तो दिवस कामाचाच धरतात म्हणे. खिडकीशी बसून जायचं आणि त्याला काम म्हणायचं. अशी नोकरी मला का मिळाली नाही?"

तुम्ही हसलात, पण थोडं उशिरा. माझ्या विनोदांना तुम्ही नेहमी तसंच हसायच्या, आधी माझ्या तोंडाकडे बघून.

अमोलच्या नोकरीनंतरचा फलक तुम्हाला आठवत असेल. आपल्या महामार्गावरच्या हनुमानाच्या उंच मूर्तीच्या अलीकडे लागला होता. त्यावर अमोलपेक्षा मोठा फोटो फलक लावणाऱ्याचा होता, आणि खाली 'कॅप्टन अमोल यांची गगनभरारी'. उडण्याच्या बाबतीत आपल्या गावाला जवळचा दाखला हनुमानच, म्हणून जागा योग्य होती. तुम्ही रिक्षा करून तो बघायला गेलात. परत आलात तेव्हा चेहरा उजळलेला होता. मी म्हटलं, "वहिनी, तो कॅप्टन नाही. फर्स्ट ऑफिसर आहे. उजवीकडच्या खुर्चीत बसतो."

"म्हणजे कंडक्टर?"

तुम्ही ते अगदी हळू विचारलंत. तुम्हाला भीती वाटली होती. आणि मी "नाही हो" म्हणायचं सोडून हसत सुटलो. तुमचं वाक्य मी स्टाफरूममध्येही सांगितलं. तिथे ते फार गाजलं.

तो कंडक्टर नव्हता, वहिनी. एक खेप शेजारचा कॅप्टन नेतो, एक खेप तो. उतरवतोही तोच. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण सांगितलं असतं तर विनोदाची मजा गेली असती.

आपलं भांडण खरं तर यावरच होतं, आणि ते अर्धवट राहिलं. तुम्ही म्हणायच्या, "भाऊजी, तुमाले कोणाचं मिरवणं पाहवत नाई. मिरवू द्या ना माणसाले थोडंसं. कोणाचं काय जाते?" मी म्हणायचो, मिरवण्याला माझी हरकत नाही, खोटं मिरवण्याला आहे. खरं असेल तेवढंच बोलावं. तुम्ही म्हणायच्या, "खरं बोलते तो सगळंच खरं बोलते का?" आणि भांडी घासायला उठायच्या. 

माझं सगळंच खरं नव्हतं. रोस्टरवर 'ब्लॉक'चे तास असतात. विमानाची चाकं हलली की ते सुरू होतात, पुन्हा थांबली की संपतात. मी एकदा महिन्याभराच्या त्या तासांची बेरीज केली आणि जाहीर केलं की आमच्या कॉलेजातला शिपाई याहून जास्त वेळ कामावर असतो. तुम्ही म्हणालात, "एवढेच?" मी म्हटलं, "एवढेच." अमोल उडण्याच्या कितीतरी आधी विमानतळावर हजर असतो, हवामानाचे कागद वाचतो, दोन खेपांच्या मध्ये विमानातच बसून पुढची तयारी करतो, परगावच्या हॉटेलात भरदुपारी पडदे ओढून झोप आणण्याचा प्रयत्न करतो, हे ब्लॉकमध्ये मोजत नाहीत. ड्यूटीचे तास वेगळे असतात आणि तेही त्याच तक्त्यात, बाजूच्याच रकान्यात, लिहिलेले असतात. मी तो रकाना वाचला नाही. विमान उभं असताना वैमानिक रिकामा असतो, असं मी ठरवून टाकलं होतं. ज्या माणसाचं अर्धं आयुष्य वर्गात तास घेण्यात आणि बाकीचं पेपर तपासण्यात गेलं, त्याने हे ठरवावं!

हळूहळू रोस्टर पुढे करताना तुमचा सूर बदलला. "पाहा, कामं हायेत का काही आमच्या साहेबाले." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गंमत वाटली. नंतर ओळख पटली. तो सूर माझा होता. तुमच्या तोंडात तो बसत नव्हता, दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखा वाजायचा.

मग ती दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला आणि पाडव्याला अमोलच्या नावापुढे स्टँडबाय होतं. मी अर्थ सांगितला: "स्टँडबाय म्हणजे घरी बसणं. कोणी आजारी पडलं तर बोलावतात. बहुतेक वेळा बोलावतच नाहीत." तुम्ही माझ्यासमोरच फोन लावलात, स्पीकरवर.

"घरी बसून हायेस ना रे तू? मंग यायले काय झालं?"

"आई, घरी नाई वं. स्टँडबाय हाये."

"भाऊजीनं सांगतलं मले. स्टँडबाय म्हणजे घरी बसणं."

"काकाले बरोबर माहीत नाई."

"तुयापेक्षा त्यायचं इंग्रजी जास्त हाये!" म्हणालात आणि फोन ठेवून दिलात. आणि वहिनी, मला बरं वाटलं. माझ्या इंग्रजीची बाजू कोणीतरी घेतली म्हणून मला बरं वाटलं. त्या क्षणी एक आई मुलावर रागावली होती, आणि मी कपात उरलेला चहा संपवत होतो.

दुसऱ्या दिवशी त्याने मला फोन केला. आवाज चढवला नाही. स्टँडबाय म्हणजे गणवेश इस्त्री केलेला, बॅग भरलेली, मोबाइल हाताशी, आणि बोलावणं आलं की ठरलेल्या वेळात विमानतळावर. शहर सोडता येत नाही. सिनेमाला जाता येत नाही. बोलावलं नाही तरी तो दिवस आपला नसतो. "काका, उडतो त्या दिवशी निदान काय होणार ते माहीत असते. स्टँडबायले तेही नाई. तुमी सांगा ना आईले. माझ्यापेक्षा तुमचं ऐकते ती."

"सांगतो," मी म्हटलं.

मी सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. तुम्ही रोज समोर दिसत होता, तुळशीला पाणी घालताना, पापड वाळत घालताना. पण सांगायचं तर आधी "वहिनी, मी चुकीचं सांगितलं" असं म्हणावं लागलं असतं, आणि मग तुम्ही विचारलं असतंत, आणखी काय काय चुकीचं सांगितलं? रोस्टरच्या पहिल्या महिन्यापासून सगळं उकरावं लागलं असतं. मोठमोठ्या लोकांच्या फलकांना मी टाचणी लावत आलो, आणि माझ्या एवढ्याशा फलकाला हात लावायचा धीर मला झाला नाही. सवडीने सांगू म्हटलं. सवड भरपूर होती, तोवर मी निवृत्त झालो होतो.

उन्हाळ्यात तुमचं हृदय थकलं. खामगावच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, जपा. अमोल दोन ऑफ, म्हणजे हक्काच्या सुट्ट्या, जोडून आला. सकाळी पोचला, तुमच्या पाया पडला, हात हातात घेऊन बसला, आणि बसल्या बसल्या त्याचे डोळे मिटायला लागले. तुम्हीच त्याला आत पाठवलंत. दुपार झाली तरी तो उठला नाही. सुमन चटणी वाटायला गेली तर तुम्ही खाटेवरून हात केला.

"मिक्सर लावू नोको वं. पोट्टं झोपलं." मग माझ्याकडे बघून म्हणालात, "थकला असंल."

मी म्हटलं, "थकायला काय झालं? बसूनच तर असतो."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग त्याच्या बंद दाराकडे पाहिलंत. मग सुमनला म्हणालात, "लाव मिक्सर."

वहिनी, हे मला रोज ऐकू येतं. सेक्टर, ब्लॉक, ड्यूटी, यातलं काहीही माहीत नसताना तुम्हाला मुलाचा चेहरा बघून कळलं होतं. तुम्ही बरोबर होतात. आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून ते कळणं बाजूला ठेवलंत. जिने मला शिकवलं, तिच्यावर मी माझं शिक्षण असं वापरलं.

शेवटच्या दिवशी दुपारी तुम्ही रोस्टर बघायला सांगितलंत. उठवत नव्हतं, तरी मोबाइलची काच पुसायची राहिली नाही. त्या दिवसापुढे पुन्हा स्टँडबाय.

"घरीच हाये ना मंग?"

एवढीच संधी होती. "नाही" म्हणायचं होतं. मी म्हटलं, "हो, घरीच असेल."

"फोन लावून देऊ?" सुमनने विचारलं.

"राहू दे वं. रिकामा हाये, तं त्यालेच सुचलं पाह्यजे." आणि तुम्ही कूस बदललीत. दिवेलागणीला तुम्ही गेलात. तोवर तुम्ही अमोलबद्दल काही बोलला नाहीत, चांगलं नाही आणि वाईटही नाही.

तो घरी नव्हता, वहिनी. त्याला त्या सकाळी बोलावून घेतलं होतं. तुम्ही कूस बदललीत तेव्हा तो एका गावाहून दुसऱ्या गावाला माणसं पोचवत होता. शेवटची खेप संपवून त्याने मोबाइल सुरू केला, तेव्हा त्यावर माझे फोन येऊन पडले होते.

तो आला, त्याने सगळं विधिवत केलं. त्या दिवसांत ओट्यावर बसून त्याने मला हे सगळं पुन्हा सांगितलं, आणि मी पहिल्यांदा मन लावून ऐकलं. ऐकणारा विद्यार्थी चांगला होता, फक्त परीक्षा होऊन गेली होती. त्याने एकदाही विचारलं नाही की दिवाळीतला निरोप मी तुम्हाला दिला का. दिला असणार, हे तो धरूनच चालला होता. मी काका आहे ना.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो निघाला. अंगणात रिक्षा उभी होती. बॅग ठेवून तो परत आला आणि म्हणाला, "काका, आई माझ्याबद्दल काही बोलली का?"

त्याचं तोंड पाहून मी म्हणालो, "तिला सगळं कळत होतं. म्हणायची, पोट्ट्याले काम हाये."

शोकसभेत कोणीही एवढं खोटं बोललं नव्हतं. त्यांनी विशेषणं वापरली होती. मी तुमच्या तोंडी वाक्य घातलं, आणि तेही तुमच्या बोलीत.

त्यांच्या धंद्यात एक रीत आहे, ओट्यावरच त्याने सांगितली होती. खालून नियंत्रण कक्षाने काही सांगितलं की वैमानिक ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवतो. बरोबर असेल तर विमान पुढे जातं. चुकलं असेल तर सांगणाऱ्याने तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. दुरुस्त केलं नाही, म्हणजे बरोबर आहे असं समजून चालायचं. माणसांचे जीव या रीतीवर चालतात म्हणे. सवयीने असेल, अमोलने माझ्याकडे बघत माझं वाक्य परत म्हटलं:

"म्हणजे आईले कळत होतं. मले काम होतं म्हणून आलो नाई, हे तिले कळत होतं."

आणि तो थांबला. चुकलं असेल तर मी बोलावं, एवढी जागा त्याने ठेवली.

मी म्हटलं, "हो."

त्याचे खांदे खाली आले. तो रिक्षात बसला आणि गेला.

वहिनी, तेव्हापासून तो ते वाक्य धरून उडतो आहे. तसंच राहू द्यावं, असं सुमन म्हणते. "त्याले बरं वाटून राह्यलं, तुमचं काय जाते?" अगदी तुमच्यासारखं म्हणते. कदाचित तिचं बरोबरही असेल. पण मग तुमचा तो राग कुठे जाईल? तुम्ही तो घेऊन गेलात. तो खरा होता आणि तो चुकीच्या माणसावर होता. तो माझ्या नावावर व्हावा, एवढं तरी मी तुमचं देणं लागतो.

म्हणून हे पत्र छापायला देण्याआधी काल सकाळी अमोलला पाठवलं. वर फक्त एवढं लिहिलं: "दुरुस्ती. आईला कळत नव्हतं. तिला कळायला लागलं होतं, ते मी होऊ दिलं नाही. तिचा राग तुझा नव्हे, माझा आहे."

त्याने ते वाचलं आहे, मोबाइलवर तशी खूण दिसते. अजून त्याने काही परत म्हटलेलं नाही. नव्या महिन्याचं रोस्टर आता तो मला पाठवतो. त्यात आज त्याच्या नावापुढे 'ऑफ' आहे. सुमनने विचारलं, "म्हणजे घरीच असंल ना?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."